पुलाला सेन्सर लावण्याआधी: नेमकं काय मोजायचंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाळीस वर्षांचा पूल, ३० मीटरचे चार गाळे, प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे (आतल्या ताणलेल्या पोलादी केबलींनी आधीच दाबून ठेवलेले) गर्डर, प्रत्येक गाळा दोन्ही टोकांना नुसता टेकलेला. मधल्या दोन गाळ्यांत गर्डरला बारीक तडे दिसतात आणि रोलर बेअरिंग (गर्डरच्या टोकाला सरकू देणारे टेकू) गंजून अडकल्यासारखी वाटतात. एका पुरवठादाराने ६० वायरलेस अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपन मोजणारे सेन्सर), एक डॅशबोर्ड आणि 'एआयवर चालणारी पूर्वसूचना' असा प्रस्ताव दिलाय. तुम्ही विचारताय की ६० पुरेत का, वायरलेस घ्यावं की केबल टाकावी, आणि पूल धोक्यात आला तर ते आधी कळेल का.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे दोन त्यावर अवलंबून आहेत. या प्रस्तावातून बहुधा कळणार नाही. सेन्सर निकृष्ट आहेत असं मी म्हणत नाही. तुम्हाला ज्या गोष्टींची धास्ती आहे, त्या हे सेन्सर मोजतच नाहीत, एवढंच.

सेन्सर मोजतो ती सरक, ताणल्यामुळे झालेली लांबीतली वाढ, कल, कंपन, तापमान, पाण्याची पातळी. त्यातून 'पूल ठीक आहे' इथपर्यंत पोहोचायला मधे एक अभियंता लागतो, ज्याला पूल कुठून आणि कसा बिघडू शकतो हे आधी ठाऊक असतं. म्हणून कुठलाही सेन्सर निवडण्याआधी मी मालकाकडून एक वाक्य लिहून घेते: "अमुक आकडा अमुक मर्यादेपलीकडे गेला, तर अमुक माणूस अमुक गोष्ट करेल." रिकाम्या जागा भरता येत नसतील तर तो सेन्सर यादीतून बाद. ६० अ‍ॅक्सेलरोमीटरसाठी हे वाक्य भरून बघा. मला तरी ते भरता येत नाही.

आणखी एक मर्यादा पुरवठादार सहसा बोलून दाखवत नाही. सेन्सर बसवला त्या दिवसापासूनचा बदलच तो दाखवतो. चाळीस वर्षं गर्डर स्वतःचं वजन पेलतोय, त्याचा ताण आधीच आत बसलेला आहे. आज चिकटवलेल्या स्ट्रेन गेजला (लांबीतला बारीक बदल मोजणाऱ्या पट्टीला) तो शून्य वाटतो. पुलात मूळचीच खोट असेल तर ती बदल म्हणून कधी दिसतच नाही. मिनियापोलिसचा आय-३५ डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ ला कोसळला, १३ माणसं गेली. चौकशीत निघालं की सांध्यांवरच्या काही गसेट प्लेट (तुळया एकमेकींना जोडणारे पोलादी पत्रे) मूळ डिझाइनमध्येच हव्या त्याच्या साधारण निम्म्या जाडीच्या होत्या. त्यात त्या दिवशी पुलावर दुरुस्तीच्या कामाचं सामान रचलेलं होतं. त्या प्लेट वाकल्याचं २००३ मधल्या छायाचित्रांतही दिसत होतं. अशा पुलाला सेन्सरआधी जुनी ड्रॉइंग काढून पुन्हा एकदा हिशेब करणारा माणूस हवा. तुमच्याही पुलाचा तो हिशेब आजच्या वाहनभारासाठी झालेला नसेल, तर पहिला पैसा तिथे खर्च करा.

आता काही गोष्टी ज्या प्रत्यक्ष पुलावरच ठरतील. तडे गर्डरच्या कुठल्या भागात आणि कुठल्या दिशेने आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर अर्धं उत्तर फिरतं. गाळ्याच्या मध्याजवळ, गर्डरच्या तळाला उभा तडा असेल तर मी सगळी कामं बाजूला ठेवून तो बघायला जाईन, कारण प्रीस्ट्रेस शाबूत असताना रोजच्या वाहतुकीत तिथे तडा पडायला नको. टेकूजवळ तिरका तडा असेल तर कातरताणाची शंका. आतल्या प्रीस्ट्रेस केबलच्या रेषेला समांतर, आडवा जाणारा तडा आणि त्यातून गंजाचे डाग असतील तर आत पाणी पोहोचलंय. आणि पृष्ठभागावर नकाशासारखं जाळं असेल तर काँक्रीटमधल्या खडीचीच सिमेंटशी रासायनिक प्रक्रिया चालू असण्याची शक्यता धरावी लागते. प्रत्येकाला वेगळा सेन्सर लागतो, आणि काहींना सेन्सर नव्हे तर कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढून प्रयोगशाळेत पाठवणं लागतं.

मग कंपनाचं काय? कल्पना मोहक आहे, हे मान्य. गर्डर कमजोर झाला की त्याची ताठरता घटते, ताठरता घटली की नैसर्गिक वारंवारिता उतरते. तेव्हा वारंवारितेवर नजर ठेवली की झालं. अडचण प्रमाणात आहे. वारंवारिता ताठरतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणजे अख्ख्या गाळ्याची ताठरता २ टक्के उतरली तर वारंवारिता जेमतेम १ टक्का उतरणार. तुमच्या ३० मीटरच्या गाळ्याची पहिली वारंवारिता ४ हर्ट्झच्या आसपास असेल. १ टक्का म्हणजे ०.०४ हर्ट्झ. एवढा फरक मोजता येतो. पण एकाच जागचा तडा अख्ख्या गाळ्याच्या ताठरतेत एवढाही फरक पाडत नाही.

याची पुलावरच परीक्षा घेतली गेली आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत अल्बुकर्कीजवळ रिओ ग्रांदे नदीवरचा आय-४० चा पूल पाडायचा होता. पाडण्याआधी अभियंत्यांनी त्याचा एक मुख्य पोलादी गर्डर चार टप्प्यांत कापला आणि प्रत्येक टप्प्यावर कंपनं मोजली. शेवटचा काप खालच्या फ्लँजमधून (गर्डरच्या तळाच्या रुंद पट्टीतून) पूर्ण जाईपर्यंत वारंवारितेत नजरेत भरेल अशी घट दिसली नाही. मुख्य गर्डर अर्धवट कापलेला असताना डॅशबोर्ड हिरवा राहिला असता.

त्याहून मोठी अडचण तापमानाची. स्वित्झर्लंडमधला झेड-२४ पूलही पाडायचा होता, म्हणून १९९७-९८ मध्ये त्यावर जवळपास वर्षभर सतत मोजमापं घेतली आणि शेवटी त्याला मुद्दाम टप्प्याटप्प्याने इजा केली. पारा शून्याखाली गेला की पुलाची वारंवारिता चांगलीच वर चढायची, कारण वरचा डांबरी थर गोठून ताठ व्हायचा आणि गर्डरला मदत करायचा. तुमच्याकडे पाणी गोठतं की नाही मला माहीत नाही, पण ऊन-सावली सगळीकडे आहे. ऋतूंचा हा चढ-उतार वजा केल्याशिवाय नुकसान शोधणं म्हणजे ढोलाशेजारी उभं राहून घड्याळाची टिकटिक ऐकणं. तो वजा करायला प्रत्येक ऋतू एकदा तरी नोंदला गेलेला हवा. म्हणून "तीन महिन्यांत मॉडेल शिकून तयार" असं कोणी म्हटलं, की उरलेल्या नऊ महिन्यांचं काय करणार ते विचारा.

अ‍ॅक्सेलरोमीटर टाकाऊ आहेत असा याचा अर्थ काढू नका. केबल-स्टे पुलात (जिथे पूल उंच मनोऱ्यांवरून तिरक्या केबलींनी तोललेला असतो) केबलच्या कंपनावरून तिच्यातलं ओढ-बल काढता येतं आणि तिथे ही पद्धत झकास चालते. पादचारी पूल डुलतो का, हे बघायलाही तेच लागतात; २००० साली लंडनचा मिलेनियम पूल लोकांच्या चालण्याने आडवा हेलकावू लागला, तेव्हा प्रश्नच कंपनाचा होता. तुमच्या पुलावरही एका गाळ्यावर सहा-आठ अ‍ॅक्सेलरोमीटर तात्पुरते ठेवून एकदा चाचणी घ्या. संगणकातलं मॉडेल खऱ्या पुलासारखं वागतंय का, ते कळेल. मग काढून घ्या. कायमचे ६० ठेवायचं कारण मला दिसत नाही.

आता बेअरिंगकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात सेन्सरने खरोखर सुटणारी गोष्ट हीच आहे आणि प्रस्तावात नेमका तिचाच पत्ता नाही.

काँक्रीट दर अंशाला दर मीटरमागे साधारण ०.०१ मिमी वाढतं. ३० मीटरच्या गर्डरला एका अंशामागे ०.३ मिमी. दिवसभरात गर्डरचं तापमान ८ अंशांनी बदललं तर सरकत्या टोकाला जवळपास अडीच मिमीची हालचाल व्हायलाच हवी. वर्षभरात ३० अंशांचा फरक धरला तर ९ मिमी. हे मोजायला काही भारी लागत नाही: सरकत्या टोकाला गर्डर आणि खांबाचा माथा यांच्यामध्ये एक सरकमापक, आणि गर्डरच्या काँक्रीटमध्ये छिद्र पाडून बसवलेले दोन-तीन तापमान सेन्सर. दर १५ मिनिटांनी एक नोंद पुरे.

मग आलेख काढा. आडव्या अक्षावर गर्डरचं तापमान, उभ्यावर सरक. बेअरिंग मोकळी असेल तर सगळे ठिपके एका तिरक्या रेषेवर पडतात आणि रेषेचा चढ अंशाला ०.३ मिमीच्या जवळपास येतो. बेअरिंग पूर्ण अडकली असेल तर रेषा जवळजवळ आडवी. बहुतेक वेळा जे दिसतं ते या दोन्हींच्या मधलं असतं: सकाळभर तापमान चढतंय पण सरक जागेवर, आणि मग दुपारी कधीतरी एकदम मिलिमीटरभराची उडी. पुन्हा स्तब्ध, पुन्हा उडी. जिना काढल्यासारखा आलेख. म्हणजे गर्डर आत बळ साठवत राहतो आणि घर्षण हरलं की धक्क्याने सुटतो. हा जिना पहिल्या आठवड्यातच दिसतो, त्याला एआय लागत नाही, आणि तो मालकाच्या टेबलावर ठेवला की बेअरिंग बदलण्यावर फार वाद होत नाही.

इथे एक खाचखळगा आहे. हाच आलेख हवेच्या तापमानाशी काढलात तर मोकळ्या बेअरिंगचाही रेषेऐवजी जाडसर वळसा दिसतो, कारण जाड काँक्रीट तापायला आणि निवायला काही तास मागे राहतं. तो वळसा बघून बेअरिंग अडकल्याचा निष्कर्ष काढू नका. म्हणूनच तापमान काँक्रीटच्या आत मोजायचं, आणि एकाच खोलीवर नव्हे. दुपारी उन्हात स्लॅब तापतो, तळ सावलीत थंड राहतो, गर्डर वर फुगतो. त्याने टोकं फिरतात आणि सरकमापक गर्डरच्या तळाशी आहे की मध्यावर, यावर आकडा बदलतो.

अडकलेल्या बेअरिंगचं बळ कुठेतरी जातंच, ते खांबाच्या माथ्यावर जातं. १० मीटर उंच खांबाचा माथा १ मिमी ढकलला गेला तर कल पडतो एक दशसहस्रांश रेडियन, म्हणजे सुमारे २० सेकंद, अंशाच्या मापातले. चांगला टिल्टमीटर, म्हणजे कल मोजणारा सेन्सर, हे सहज पकडतो. मधल्या दोन गाळ्यांशी संबंधित तीन खांबांवर एकेक टिल्टमीटर लावला तर कुठली बेअरिंग कुठल्या खांबाला छळतेय हे जुळवून बघता येतं.

हेच टिल्टमीटर दुसऱ्या एका कामाला येतात, आणि ते काम मला तड्यांहूनही जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत ओझरतं लिहिलंय की पूल नदीवर आहे. पाण्यावरचे पूल पडतात त्यामागे खांबाच्या पायाभोवतीची माती वाहून जाणं हे जगभरात सगळ्यात ठळक कारणांपैकी एक आहे. न्यूयॉर्क राज्यातला स्कोहारी क्रीकवरचा पूल ५ एप्रिल १९८७ ला पुरात असाच गेला. पायाखालची जमीन धुपली, खांब खचला, १० माणसं गेली. त्या गर्डरवर कितीही अ‍ॅक्सेलरोमीटर असते तरी बिघाड गर्डरमध्ये नव्हताच.

धुपीची खोड अशी की खड्डा सगळ्यात खोल होतो तो पूर भरात असताना. पाणी उतरताना वाहून येणारा गाळ त्यात पुन्हा बसतो. पूर ओसरल्यावर पाणबुड्या पाठवला तर तळ सपाट दिसतो, पण तो भुसभुशीत भराव असतो, पायाला आधार देत नाही. म्हणून पूर चालू असतानाच मोजणारं काहीतरी हवं: खांबाला बसवलेला, ध्वनिलहरींनी तळाची खोली मोजणारा सोनार, पाण्याची पातळी सांगणारा रडार, आणि माथ्यावरचा टिल्टमीटर. पाया किती खोल आहे आणि कशावर टेकलाय ही माहिती जुन्या कागदांत असेल तर ती शोधा. खडकात रुतलेला असेल तर सोनारवरचा खर्च वाचेल. वाळूत उथळ पाया असेल तर इतर सगळं थांबवून आधी इथे लक्ष द्या. आणि टिल्टमीटरच्या कलात रोजची ये-जा आणि न परतणारा कल हे वेगळे ओळखायचे: सकाळी गेलेला आणि रात्री परत आलेला कल उन्हाचा; एका बाजूला गेला आणि परत आलाच नाही, तो पायाचा.

तड्यांवर दोन-तीन क्रॅकमीटर लावा, तेही तड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून. तड्याच्या बरोबर शेजारी छोटा स्ट्रेन गेज चिकटवला तर तो उलट कमी ताण दाखवतो, कारण तड्यालगतचं काँक्रीट सैल पडलेलं असतं. आणि अगदी तड्यावरच चिकटवला तर तो भलताच आकडा देतो नाहीतर तुटतो. क्रॅकमीटरचा आकडाही तापमानासोबतच वाचायचा. रोज उघड-मीट करणारा तडा फार चिंतेचा नसतो. ती उघड-मीट महिन्यागणिक वाढत असेल तर चिंतेचा.

प्रीस्ट्रेस केबलबद्दल मात्र मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. प्रीस्ट्रेस्ड गर्डर न तडकलेला असतो तोवर ताठच वागतो. आत केबलच्या तारा गंजून एकेक तुटत असल्या तरी बाहेरून ना वारंवारिता बदललेली जाणवते ना बाक. वेल्समधला इनिस-अ-ग्वास पूल डिसेंबर १९८५ मध्ये स्वतःच्याच वजनाने, कुठलीही आगाऊ खूण न देता खाली आला. सेगमेंटच्या, म्हणजे जोडून गर्डर बनवलेल्या तुकड्यांच्या, सांध्यांपाशी केबल गंजल्या होत्या. तुमच्या पुलाला तडे दिसतायत ही त्या मानाने बोलकी गोष्ट आहे. तारा तुटण्याचा आवाज टिपणारे अकूस्टिक सेन्सर मिळतात आणि ते कामाचे आहेत, पण बसवण्याआधी किती तारा तुटल्या हे त्यांना माहीत नसतं. ते जाणून घ्यायला डक्टपर्यंत, म्हणजे केबल ज्या नळीत असते तिथपर्यंत, छोटी भोकं पाडून आत डोकवावंच लागतं. आधी डोकवा, मग आवाज ऐकायचा की नाही ते ठरवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, वायरलेस की केबल. इथे हिशेब मांडून बघितला की बरंच काही आपोआप ठरतं. एक अ‍ॅक्सेलरोमीटर, तीन दिशा, सेकंदाला १०० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटचा: सेकंदाला ६०० बाइट, दिवसाला सुमारे ५२ मेगाबाइट. ६० नोडचे मिळून दिवसाला ३ गिगाबाइटच्या वर. हे सगळं रेडिओवरून सतत पाठवायचं तर बॅटरी टिकत नाही, कारण नोडची सगळ्यात जास्त वीज पाठवण्यात जाते, मोजण्यात नाही. मग पुरवठादार म्हणतो, नोडमध्येच हिशेब करून फक्त सारांश पाठवू. चालेल, पण मग मूळ नोंदी हातात राहत नाहीत आणि वर्षभराने दुसऱ्या पद्धतीने तपासायचं झालं तर तपासायला काही नसतं.

दुसरी गोष्ट घड्याळांची. पूल कसा आकार घेत कंप पावतो हे काढायला सगळ्या नोडची घड्याळं जुळलेली लागतात. साध्या क्रिस्टलचं घड्याळ दहा लाखात २० भाग इतकं चुकू शकतं, म्हणजे १० मिनिटांत १२ मिलिसेकंद. ४ हर्ट्झच्या कंपनात नुसत्या १० मिलिसेकंदाच्या फरकाने सुमारे १४ अंशांचा कला-फरक (कंपनं एकमेकांच्या किती मागेपुढे आहेत ते) येतो, आणि सरळ वागणारा गर्डर पिळवटल्यासारखा दिसू लागतो. घड्याळं पुन्हा-पुन्हा जुळवणं शक्य आहे, चांगल्या प्रणाली करतातही. प्रस्तावात याचा आकडा दिलाय का बघा. वायरलेसने मोठी कामं झालेली आहेत. गोल्डन गेट पुलावर संशोधकांनी ६४ नोडचं जाळं लावलं होतं आणि ४६ टप्पे पार करत माहिती एका टोकाला आणली होती. पण त्यामागे राबणारी अख्खी संशोधक मंडळी होती. तुमच्याकडे बॅटरी बदलायला कोण चढणार, आणि त्यासाठी वाहतूक कोण अडवणार?

मी जी यादी सुचवतेय, म्हणजे सरक, कल, तापमान, तडा, पाण्याची पातळी, ते सगळं संथ आहे. दर १५ मिनिटांना काही बाइट. यासाठी कमी वेगाचं, लांब पल्ल्याचं वायरलेस उत्तम चालतं, लिथियम बॅटरी वर्षानुवर्षं टिकते आणि घड्याळ सेकंदभर चुकलं तरी बिघडत नाही. एका-दोन गाळ्यांत वाहनांचा परिणाम बघायला वेगवान स्ट्रेन गेज हवे असतील तर तेवढ्यांना केबल टाका. एकच अट: दोन तारांची जोडणी स्वीकारू नका. ३५० ओहमच्या गेजमध्ये १ मायक्रोस्ट्रेन (लांबीत दहा लाखात एक भाग बदल) म्हणजे ०.०००७ ओहम. लांब केबलचा रोध ५ ओहम असेल तर ती नुसती एका अंशाने तापली की ०.०२ ओहम वाढतात, म्हणजे २८ मायक्रोस्ट्रेनचा भास, जवळजवळ एखादा ट्रक गेल्यासारखा. तीन तारांची जोडणी हे बरंचसं मारते. वर्षानुवर्षं टिकणारी संथ नोंद हवी असेल तर व्हायब्रेटिंग वायर गेज घ्या. त्यात वारंवारिता मोजली जाते, त्यामुळे केबल लांब असली तरी आकडा ढळत नाही. पण जाणारा ट्रक त्याला पकडता येत नाही.

साइटवरचं म्हणाल तर सेन्सरपेक्षा जोडण्याच जास्त मरतात. केबल पेटीत खालून शिरली पाहिजे आणि शिरण्याआधी तिला झोळ दिलेला हवा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, पेटीत जात नाही. अर्थिंग आणि सर्ज संरक्षण प्रत्येक लांब केबलला. हे निविदेत लिहा. 'योग्य ती काळजी घेतली जाईल' या वाक्यात काहीच येत नाही.

शेवटी गजर. २०२१ च्या मे महिन्यात मेम्फिसजवळचा हर्नांडो डी सोटो पूल तडकाफडकी बंद करावा लागला, कारण तपासणीत एका मुख्य पोलादी तुळईत आरपार भेग सापडली. मग कळलं की २०१९ च्या ड्रोन चित्रीकरणातही ती दिसत होती. माहिती होती, बघणारं कोणी नव्हतं. तेव्हा डॅशबोर्ड कोण उघडणार, किती दिवसांनी, आणि रजेवर गेला तर त्याच्या जागी कोण, हे करारात नावानिशी हवं. गजर एका सेन्सरवर वाजू देऊ नका. शेजारच्या दुसऱ्याने दुजोरा दिला तरच माणसाला उठवा, नाहीतर दोन महिन्यांत सगळे मेसेज बंद करून झोपतात. आणि उलट बाजूही बघा: मेलेला सेन्सर सरळ रेषा काढतो आणि सरळ रेषा फार समाधानी दिसते. म्हणून नोंद न येणं हाही गजर धरायचा. मर्यादा पहिल्या वर्षी ढिल्या ठेवा, हिशेबावरून काढलेल्या. ऋतूचक्र एकदा पाहिलं की घट्ट करा.

तुमच्या जागी मी असते तर प्रस्ताव परत पाठवून क्रम असा लावला असता. आधी ड्रॉइंग, आजच्या भाराचा हिशेब आणि तड्यांचा नकाशा. मग एका गाळ्यावर ज्ञात वजनाचे ट्रक उभे करून भार-चाचणी, खाली बाक आणि ताण मोजत. गर्डर आज किती पेलतोय हे त्यातून जितकं स्वच्छ कळतं तितकं वर्षभराच्या कंपनांतूनही कळत नाही. मात्र मध्यावर उभा तडा निघाला तर हिशेब हाती येईपर्यंत ही चाचणी करू नका आणि जड वाहनं थांबवा. त्यानंतर कायमचे सेन्सर, सगळे मिळून वीस-पंचवीसच्या आत. दोन वर्षांनी तीच भार-चाचणी त्याच ट्रकवजनावर, शक्यतो त्याच ऋतूत आणि पहाटे, म्हणजे उन्हाचा फरक मधे येत नाही.

बेअरिंगची रचना, पायाची खोली आणि तड्यांचे फोटो, सोबत मोजपट्टी धरून काढलेले, इथे टाकलेत तर सरकमापकाची रेंज आणि टिल्टमीटरच्या जागा नेमक्या सांगता येतील. फोटो काढायला जाल तेव्हा प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना खडूने रेघ मारून तारीख लिहून या.